निसरड्या फरश्या

पाषाणच्या प्रशिक्षण केंद्रात
सहा देशांचे चौदा डॉक्टर आलेत.
बॅनरवर ‘सहकार्य’ दोनदा छापलंय,
दुसऱ्यांदा छापताना रफार गळून पडलाय.
सकाळी उपीट होतं. जॉर्जियाच्या निनोने
कढीपत्ता वेचून ताटाच्या कडेला नीट ओळीने मांडला,
पुराव्यासारखा.

मी शिकवते.
आधी माणसाला खुर्ची द्या.
शिपायाला बाहेर पाठवा, दार लावा.
मग विचारा,
आणि विचारलं की गप्प राहा.
लांबी मोजा, कडा बघा, रंग लिहा.
रंगावरून तारीख छातीठोक सांगू नका,
पण पिवळा पहिल्या दिवशी येत नाही,
एवढं मात्र लक्षात ठेवा.

प्रत्येकाच्या पुढ्यात एक कागद,
त्यावर माणूस, पुढून आणि मागून,
केस नाहीत, कपडे नाहीत, कुठल्या देशाचा कळत नाही.
तळपाय तेवढे कोपऱ्यात वेगळे काढलेत,
कारण तिथे बघायचं राहून जातं.

मी विचारलं, तुमच्याकडे अहवालात
कारण काय लिहून आणतात पोलीस?
नेपाळची बिष्णुमाया म्हणाली, संडासात पडला.
मलावीचा चिसोमो म्हणाला, न्हाणीघरात घसरला.
निनो म्हणाली, जिन्यावरून. आमच्याकडे बर्फ पडतो ना.
मग एकेक जण सांगू लागला
आणि सगळे हसायला लागले.
इतके हसले
की मागच्या रांगेतल्या दुभाष्याला
काय भाषांतर करावं कळेना.

चिसोमोने कानावरची पेन्सिल काढली.
आणि तुमच्याकडे, मॅडम?

पंखा फिरत होता.
मी पाणी प्यायले. पुन्हा प्यायले.

शहाण्णव साल. मी सत्तावीस वर्षांची,
नोकरी अजून कायम झाली नव्हती.
लहानू काळे, वय एकोणीस.
रजिस्टरात अटक कालची.
इन्स्पेक्टर दारातच उभा,
त्याने माझ्यासाठी चहा सांगितलेला,
वर खारी.
लहानूने काही न बोलता पाय उचलला,
तळवा माझ्याकडे केला.
मी म्हटलं, खाली ठेव.
आणि लिहिलं: फरशीवर घसरल्याने.
सही केली. माझी सही तेव्हा फार सुंदर होती.

हे मी सांगितलं
आणि भाषांतरासाठी थांबावं लागलं.
माझं वाक्य कानातल्या यंत्रांमधून
एकेका चेहऱ्यावर वेगवेगळ्या वेळी पोचत होतं,
शेवटी निनोच्या.
तिने यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

कोणी धीर दिला नाही. बरं झालं.
चिसोमोने नवा कागद घेतला,
मला खुर्ची दिली,
उठून दार लावलं.
लांबी?
आठवत नाही.
मग तेच लिहितो. आठवत नाही.
कडा?
बघितल्या नाहीत.
रंग?
मी डोळे मिटले.
मधे काळपट, आणि कडेने
कडेने पिवळा.

कोणीतरी खुर्ची सरकवली.
कालची अटक, बिष्णुमाया हळूच म्हणाली,
आणि पिवळा.

कोपऱ्यातल्या तळपायांवर
चिसोमोने सावकाश रेघा मारल्या,
माझ्याच शिकवलेल्या पद्धतीने, बाण काढून, आकडे टाकून.
खाली मी सही केली. आता हात थरथरतो.
हा कागद कुठे पाठवायचा
ते पुस्तिकेत दिलेलं नाही.
लहानू कुठे आहे, आहे का,
तेही मी कधी विचारलं नव्हतं.

पाच वाजता आम्ही दार उघडलं तेव्हा
मीराबाई पॅसेज पुसत होत्या.
बादली बाजूला सारून म्हणाल्या,
सांभाळून हं, ओलं आहे.
कुणीच भाषांतर केलं नाही.
चौदा जण भिंतीला हात लावत
एकामागून एक पलीकडे गेले,
ओल्या फरशीवरून.
एकही पडला नाही.